घाट उतरताना ब्रेक कमी पडतात: दहा हजारांत घरी काय सुधारता येते

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. २०१३ सालची पेट्रोल स्विफ्ट, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, ९५ हजार किमी झालेली. महिन्यातून दोनदा कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणे होते. चार माणसे आणि सामान असले की घाट संपता संपता पेडल खोल जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळे ठीक असते, आणि मेकॅनिक म्हणतो की ब्रेक उत्तम आहेत. बजेट दहा हजार, घरी नट-बोल्टचे पाने आहेत, रविवार मोकळा आहे. तर पुढे मोठ्या व्यासाच्या, भोके पाडलेल्या डिस्क आणि मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क, हे घरी जमेल का?

जमवू नका. आणि गरजही नाही. तुम्ही दिलेली लक्षणे मोठ्या डिस्कने जाणारी नाहीत. यातला बराचसा त्रास पाच-सहा हजारांत जाईल, आणि तेही गाडी मूळ स्वरूपात ठेवून.

‘ब्रेक कमी पडतात’ या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक म्हणजे चाक धरण्याची ताकद. दुसरी म्हणजे तयार होणारी उष्णता झेलण्याची ताकद. पहिली तपासायला खर्च शून्य. सपाट, कोरडा, पूर्ण मोकळा रस्ता बघा, मागेपुढे कोणी नाही याची खात्री करा, पट्टे लावा आणि ताशी ३०-४० वेगाला सरळ रेषेत पेडल जोरात दाबा. पुढची चाके जाम होऊन टायर घासत गेले, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. तिथून पुढे कितीही मोठी डिस्क लावली तरी गाडी एक फूटही लवकर थांबणार नाही, कारण आता मर्यादा टायरची आहे. तुमची गाडी धडधाकट असेल तर बहुधा हेच दिसेल.

म्हणजे राहिली उष्णता. तिचा हिशोब डोळे उघडणारा आहे. भरलेली गाडी १३०० किलोची धरू. ताशी ८० वरून ती पूर्ण थांबवली की साधारण ३२० किलोज्यूल ऊर्जा निघते. तीच गाडी ६०० मीटर उंची खाली उतरली की सुमारे ७६५० किलोज्यूल. म्हणजे ८० वरून २४ वेळा पूर्ण थांबवल्याएवढी. गाडी हलकी असो की जड, हे २४ चे प्रमाण बदलत नाही, कारण वजन दोन्हीकडे सारखेच येते. यातला काही भाग हवा घेते, काही टायर, आणि खालच्या गिअरमध्ये असाल तर बराच मोठा भाग इंजिन घेते. उरलेले सगळे पुढच्या दोन डिस्क आणि मागच्या दोन ड्रममध्ये जाते. आंबेनळीसारख्या घाटात, महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना, हजार मीटरहून जास्त उतार आहे, तिथे हा आकडा आणखी चढतो.

आता तुमचे लक्षण पुन्हा बघा. थंड असताना पेडल ठीक, घाटाच्या शेवटी खोल आणि मऊ, सकाळी परत ठीक. हे ब्रेक ऑइल उकळण्याचे लक्षण आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहते. होजच्या (चाकापर्यंत ऑइल नेणाऱ्या लवचीक नळीच्या) रबरातून आणि बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून ती आत जाते. ताज्या डॉट ३ चा (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण ३.७ टक्के पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. घाटात तापलेल्या कॅलिपरमागे (डिस्कला आवळणाऱ्या चिमट्यामागे) ऑइल १४०-१५० ला पोहोचले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि पॅडपर्यंत, म्हणजे डिस्कवर घासणाऱ्या पट्ट्यांपर्यंत, जोर पोहोचतच नाही. गाडी थंड झाली की वाफेचे परत द्रव होते. सकाळी मेकॅनिकला काही सापडत नाही ते यामुळेच. त्याची चूक नाही, पण तुमच्या तक्रारीतही खोट नाही.

तरीही नुसत्या लक्षणावर विसंबून खर्च करू नका. घरी उभ्या गाडीवर दहा मिनिटांत होणाऱ्या तपासण्या आधी करा. पेडल एकदा दाबा, सोडा, लगेच पुन्हा दाबा. पहिल्यांदा खोल गेले आणि दुसऱ्यांदा वरच लागले, तर मागच्या शूज (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानी) आणि ड्रममधली फट वाढली आहे, सेल्फ-अॅडजस्टर (ही फट आपोआप भरून काढणारा भाग) काम करत नाही. दुसऱ्यांदा वर आले पण स्पंजसारखेच लागले, तर आत हवा आहे. इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने एक मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेले तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या भागाचे) सील गेले आहे. अशी गाडी घाटात न्यायची नाही, गावातही चालवायची नाही. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) तपासण्यासाठी इंजिन बंद करून चार-पाच वेळा पेडल मारा, ते कडक झाले की दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली सरकले म्हणजे बूस्टर ठीक.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. घाटात पेडल मऊ झाले तर दोष ऑइलकडे. पेडल दगडासारखे कडक, पण गाडीचा वेग उतरत नाही, आणि करपट वास येतोय, तर पॅड त्यांच्या तापमानाच्या बाहेर गेले आहेत. पहिल्याला पॅड बदलून उपयोग नाही, दुसऱ्याला ऑइल बदलून नाही.

पैसे कुठे घालायचे ते सांगतो. आकडे ढोबळ अंदाज आहेत, शहर आणि दुकान बदलले की बदलतील. डॉट ४ चे एक लिटर ऑइल सहा-आठशे. चांगले पुढचे पॅड दीड ते अडीच हजार. मागचे शूज हजार-दीड हजार. पुढचे दोन रबरी होज मिळून हजार-दीड हजार. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांचे रबर आणि योग्य ग्रीस तीन-चारशे. म्हणजे पाच-सहा हजार. उरलेले चार हजार डिस्क झिजल्या असतील तर डिस्कच्या जोडीला, नसतील तर टायरच्या खात्यात. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३१७ म्हणजे २०१७ सालचा २३ वा आठवडा. टायर सहा-सात वर्षांचे झाले असतील तर गुळगुळीत नसले तरी रबर कडक झालेले असते. खाचांमधली खूण १.६ मिमीला उघडी पडते, पण कोकणातल्या पावसात ३ मिमीच्या खाली गेलेल्या टायरवर मी भरवसा ठेवणार नाही.

या खर्चात जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी पाय) आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) धरलेले नाहीत. टॉर्क रेंच मित्राकडून मागून आणा, पण स्टँड स्वतःचे घ्या. गाडीसोबत येणाऱ्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली किंवा चाक काढलेल्या बाजूला काम करायचे नाही. विटांचा थर तर नाहीच, वीट फुटते ती आगाऊ सूचना न देता.

पॅड घेताना ‘रेसिंग’ लिहिलेले टाळा. ते तापल्यावरच नीट धरतात. सकाळी सोसायटीच्या गेटातून निघताना पहिल्या दोन ब्रेकला गाडी पुढेच जाते. मूळ कंपनीचे किंवा नामांकित उत्पादकाचे, घाटात जास्त जात असाल तर सेमी-मेटॅलिक (धातू मिसळलेले), एवढे पुरे. सेमी-मेटॅलिकने चाकावर काळी धूळ जास्त बसेल, थोडा आवाजही येईल, पण उष्णता ते चांगली सोसतात. पुष्कळ पॅडच्या कडेवर छापलेल्या कोडच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरे असतात, एफएफ किंवा जीजी वगैरे. पहिले अक्षर कमी तापमानाची पकड सांगते, दुसरे जास्त तापमानाची. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असेल, तर तो पॅड तापल्यावर ढिला पडणारा आहे. तुमच्या कामाचा नाही. एफएफ तुम्हाला भरपूर झाले. बनावट माल या धंद्यात फार आहे, म्हणून बिलाशिवाय आणि अधिकृत दुकानाशिवाय ब्रेकचा एकही भाग घेऊ नका. भंगार बाजारातून दरवाजा आणा, आरसा आणा. होज, सिलिंडर, पॅड आणू नका.

आता काम. पुढच्या बाजूपासून सुरू करा. आदल्या संध्याकाळी ब्लीडिंग निपल (जुने ऑइल आणि हवा बाहेर काढायची छोटी तोटी) आणि होजच्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे अगदी थोडा मारून ठेवा, डिस्कवर उडू देऊ नका. सकाळी सपाट जमिनीवर गाडी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ओंडके. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग उचला आणि स्टँडवर बसवा. टाकीतले जुने ऑइल सिरिंजने अर्ध्यापर्यंत काढून घ्या, कारण पिस्टन (कॅलिपरमधला, पॅड दाबणारा दट्ट्या) मागे ढकलला की ते वर चढून बॉनेटखाली सांडते. ब्रेक ऑइल रंग खाते. थेंब पडलाच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

कॅलिपरचा खालचा पिन-बोल्ट काढला की कॅलिपर वर फिरतो. पूर्ण काढावा लागला तर तारेने चाकामागच्या स्प्रिंगला बांधा, होजवर लोंबकळू देऊ नका. जुने पॅड नीट बघा. आतला आणि बाहेरचा सारखे झिजलेले असतील तर ठीक. एक २ मिमी आणि दुसरा ६ मिमी असेल, तर पिन अडकली आहे किंवा पिस्टन. इथेच बहुतेक जण नवे पॅड घालून मोकळे होतात आणि सहा महिन्यांत तेच नाटक परत सुरू होते. दोन्ही पिना बोटाने आतबाहेर सरकल्या पाहिजेत. काढून जुने ग्रीस पुसा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने उतरवा, आणि सिलिकॉनचे किंवा ब्रेकसाठीच असलेले ग्रीस पातळसे लावा. साधे चेसिस ग्रीस, इंजिन ऑइल, पेट्रोल, डिझेल यांपैकी काहीही ब्रेकच्या रबराला लागू देऊ नका. ते रबर खनिज तेलाने फुगते. गॅरेजमध्ये पेट्रोलने भाग धुण्याची सवय आहे, आणि पिना चिकटण्याचे, सील जाण्याचे ते एक मोठे कारण आहे.

पिस्टन मागे ढकलण्याआधी निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीत सोडा, निपल पाव फेरा उघडा, आणि सी-क्लॅम्पने पिस्टन हळू, सरळ दाबा. कॅलिपरमध्ये साठलेले, सर्वांत जास्त भाजलेले काळे ऑइल असे बाहेर पडते. नाहीतर तेच परत वर मास्टर सिलिंडरकडे जाते. पिस्टन बसला की लगेच निपल बंद. पिस्टन हाताच्या जोरावर क्लॅम्पने सहज सरकत नसेल, किंवा त्याच्या टोपीवजा रबराला चीर असेल, तर कॅलिपर किट घालण्याचे वेगळे काम आहे, ते अंगणात करू नका.

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियर (जाडी मोजायचे साधन) लावताना बाहेरची न झिजलेली कड आड येते आणि माप खोटे मोठे दिसते. त्यावर उपाय सोपा आहे: दोन्ही बाजूंना एकेक सारखे नाणे धरून माप घ्या आणि नाण्यांची जाडी वजा करा. सात-आठ ठिकाणी मोजा. कोरलेल्या आकड्याच्या जवळ आली असेल तर जोडीने बदला, लेथवर कापून आणू नका. आधीच कमी झालेले लोखंड आणखी कमी होते, आणि उष्णता साठवणारे तेच लोखंड आहे. भोके पाडलेल्या डिस्कबद्दलही हेच. भोकांमुळे वस्तुमान घटते आणि वारंवार तापून थंड झाल्यावर भोकांच्या कडांपासून तडे जातात. रस्त्यावरच्या गाडीला साधी, आत हवेच्या खाचा असलेली मूळ डिस्कच बरी.

डिस्क बदलत असाल तर हबचा (डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा) चेहरा तारेच्या ब्रशने लखलखीत करा. तिथे राहिलेला गंजाचा एक पापुद्रा डिस्कला तिरके बसवतो आणि दोन-तीन हजार किमीनंतर पेडल थरथरू लागते. लोक म्हणतात डिस्क वाकली. नवीन डिस्कवर गंजरोधक तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पूर्ण उतरवा. पॅडचे कान ज्या खाचांत बसतात त्या घासून साफ करा. पॅड हाताने आत सरकला पाहिजे, हातोडीने नव्हे. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. पिन-बोल्ट हलक्या टॉर्कचे असतात, ब्रॅकेटचे बरेच जास्त. दोन्ही सारखेच ओढले तर एक तुटतो किंवा दुसरा सुटतो.

होज बदलायचे की नाही? बारा वर्षे झालेल्या गाडीत माझे उत्तर होय. सहकाऱ्याला पेडल दाबायला सांगा आणि होज हातात धरा; फुगताना जाणवला किंवा वाकवल्यावर चिरा दिसल्या तर प्रश्नच नाही. लोखंडी पाइपचा नट मात्र फ्लेअर पान्यानेच (नटला जवळपास सगळीकडून धरणाऱ्या) सोडवा, साध्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात. कोकणच्या हवेत राहिलेल्या गाडीत हा नट हलतच नाही असे होते. पाइप पिळला जातोय असे दिसले की थांबा, तेवढे काम गॅरेजला द्या. नवा होज बसवताना तांब्याचे वॉशर नवेच घाला, होजला पीळ देऊ नका, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून तो टायरला घासत नाही हे बघा. जाळीदार स्टीलचे होज पेडल किंचित घट्ट करतात, पण तुमच्या पैशांत त्यांचा नंबर शेवटचा.

मागच्या ड्रमबाबत परिस्थितीवर अवलंबून आहे. काही गाड्यांत ड्रम नुसता ओढून निघतो. काहींत ड्रम आणि हब एकच असतो, मधला मोठा नट काढावा लागतो आणि बसवताना त्याचा टॉर्क अचूक लागतो, कारण बेअरिंग त्यावर अवलंबून असते. तुमच्याकडे दुसरा प्रकार निघाला आणि मोठा टॉर्क रेंच नसेल, तर मागचे काम बाहेर करून घ्या. घरी करणार असाल तर पुढच्या चाकांना ओंडके, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला, आणि त्याची केबल आधी ढिली केलेली. एका वेळी एकच बाजू उघडा. स्प्रिंग कुठली कुठे होती हे विसरायला दोन मिनिटे पुरतात. दुसरी न उघडलेली बाजू हाच तुमचा नकाशा. तरी फोटो काढाच. आतली धूळ फुंकरीने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका, ती फुप्फुसात जाते. ब्रेक क्लीनरने ओली करून खाली पडू द्या. व्हील सिलिंडरचे (शूज बाहेर ढकलणाऱ्या भागाचे) रबर हलकेच उचलून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर बदला, आणि ऑइल लागलेले शूजही, ते धुऊन वापरात येत नाहीत.

शूज बसवल्यावर आधी अॅडजस्टरने फट कमी करा, चाक फिरवल्यावर किंचित घासल्याचा आवाज येईल इतपत. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने केले, म्हणजे झिजलेल्या शूजचे खोल पेडल आणि ढिला हँडब्रेक केबल ताणून लपवले, तर शूजची मूळ जागाच सरकते आणि सेल्फ-अॅडजस्टर चालत नाही. ९५ हजार किमीच्या गाडीत हे आधीच कोणीतरी केलेले असण्याची शक्यता बरीच आहे. हे नीट केल्यावर पेडल वर येते, आणि पुष्कळांना तेवढ्यानेच ‘ब्रेक नवे झाले’ असे वाटते.

सगळे बसले की ऑइल. डॉट ४ घ्या, आधी डॉट ३ असले तरी चालते. डॉट ५.१ ही चालते. पण नुसते डॉट ५ हे सिलिकॉनचे असते, ते या गाडीत घालायचे नाही. अर्ध्या लिटरचे दोन सीलबंद डबे आणा. उघडून महिनोन्‌महिने ठेवलेला डबा ओल पिऊन बसलेला असतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जिथवर जातो त्याच्या पुढचा भाग गंजलेला असू शकतो. पेडल तळापर्यंत मारले की सील त्या गंजावर घासून फाटतात, आणि चांगली गाडी ब्लीडिंगनंतर (जुने ऑइल आणि हवा काढल्यावर) बिघडते.

क्रम मॅन्युअलचा पाळा. तो हाताशी नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचे डावे. निपलला नळी, नळीचे टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडालेले. पेडलवर पाय ठेवून बसलेल्या सहकाऱ्याने ‘दाबलं’ म्हणायचे, तुम्ही निपल पाव फेरा उघडायचा, पाय ठोकळ्याला टेकला की बंद करायचा, मगच ‘सोड’. आधी सोडले तर हवा आत ओढली जाते. दर पाच दाबांनंतर टाकी बघा. ती एकदा रिकामी झाली की पूर्ण काम पहिल्यापासून. मागच्या चाकांना जास्त ऑइल जाईल, कारण पाइप लांब आहेत. नळीत स्वच्छ फिकट ऑइल आणि एकही बुडबुडा नाही, तोवर थांबू नका. एक लिटरमधले थोडेच उरेल. निपल हलकेच आवळा, तो आतून पोकळ असतो आणि सहज तुटतो.

चाके लावून नट मॅन्युअलच्या टॉर्कने, समोरासमोरच्या क्रमाने. आणि गाडी एक इंचही हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारा. पिस्टन मागे गेलेले असताना पहिल्या दोन-तीन दाबांना ब्रेक अजिबात लागत नाहीत. घरच्या कामातले अपघात फाटकातच होतात ते याच कारणाने.

नवे पॅड ‘बसवून’ घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा-एक किमी अंतर, पूर्ण थांबायचे नाही. मग दहा मिनिटे ब्रेक न वापरता चालवून थंड करा. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहिलात तर पॅडचा थर एका जागी चिकटतो आणि थरथर सुरू होते. त्यानंतर दोनशे किमी घाट नको.

मागे डिस्क का नको, हेही स्पष्ट सांगतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ब्रेक लावताच वजन पुढे जाते, मागच्या चाकांवर भार कमी उरतो. तिथे ब्रेक जास्त झाला की मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते, ओल्या वळणावर तर नक्कीच. मागचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह कंपनीने ड्रमच्या हिशोबाने बसवलेला असतो. शिवाय हँडब्रेक नव्याने जुळवावा लागतो. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करण्यावर बंधन आहे. अपघातानंतर विम्याच्या वेळी हे वर येऊ शकते. पुढच्या मोठ्या डिस्कला कॅलिपर, ब्रॅकेट, बहुधा मोठी रिमही लागते. दहा हजारांत ते होते ते कुठेतरी काटछाट करून, आणि ती काटछाट ब्रेकमध्ये नको.

घाट उतरण्याची पद्धत ही यातली फुकटची सुधारणा आहे. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, दुसरा किंवा तिसरा. पाय पेडलवर हलका टेकवून ठेवू नका. वेग वाढू द्या, मग ठामपणे दाबून तो २० ने खाली आणा आणि पूर्ण सोडा, म्हणजे डिस्कला मध्ये वारा मिळतो. न्यूट्रल नाही, इंजिन बंद तर कधीच नाही. बूस्टरची साठलेली मदत दोन-तीन दाबांत संपते. आणि खाली पोहोचल्यावर तापलेल्या चाकांवर पाणी मारू नका.

शंभर किमीनंतर चाकाचे नट पुन्हा टॉर्कने तपासा आणि टाकीवर पातळीची रेघ मारून ठेवा. पॅड झिजतील तशी ती संथपणे उतरेल; झपाट्याने उतरली तर वरून ऑइल ओतू नका, गळती शोधा. ऑइल दर दोन वर्षांनी, तुमच्या वापरात शक्यतो पावसाळ्यानंतर बदला.

पहिला घाट उतरल्यावर खाली थांबून चारही चाकांजवळ हात धरा, डिस्कला लावू नका. पुढची दोन्ही सारखी गरम आणि मागची कमी, हे बरोबर. एकच पुढचे चाक भट्टीसारखे असेल तर त्या बाजूची पिन किंवा पिस्टन अजून अडकतोय, आणि नवे ऑइलही तिथे उकळेल. तरीही पेडल खोल गेले, तर ते मऊ होते की कडक आणि कोणते चाक जास्त तापले होते एवढे दोनच तपशील लिहा, त्यावरून पुढचे सांगता येईल.